माळव्याची अफू, कँटनची चांदी

अफूचं युद्ध म्हटलं की शाळेच्या पुस्तकात गोष्ट दोन-तीन वाक्यांत आटोपते. इंग्रजांनी चीनला अफू विकली, चीनने अडवली, लढाई झाली, हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं. यात चुकीचं काही नाही. पण 1800 च्या आसपास वर्षाला जेमतेम चार हजार पेट्यांचा असलेला हा धंदा 1838 पर्यंत चाळीस हजार पेट्यांच्या घरात कसा गेला, ते यातून कळत नाही. आणि युद्ध पेटलं ते या दहापटीमुळे. चार हजार पेट्यांकडे चीनचे बादशहा तसे काणाडोळाच करत आले होते. ही दहापट कुठून आली हे शोधत गेलं, तर आपण उज्जैन-मंदसोरला पोचतो, शिंदे-होळकरांच्या मुलखात, आणि तिथून थेट मुंबईच्या बंदरावर.

सुरुवात मात्र चहापासून करावी लागते. अठराव्या शतकात इंग्लंडला चहाची चटक लागली, आणि चहा तेव्हा फक्त चीनकडून यायचा. 1757 पासून चीनने पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना एकच बंदर खुलं ठेवलं होतं: कँटन, म्हणजे आजचं ग्वांगझू. तिथेही शहरात पाऊल टाकायची मुभा नाही. नदीकाठच्या वखारींत राहायचं, सरकारने नेमून दिलेल्या 'होंग' व्यापाऱ्यांशीच सौदा करायचा, हंगाम संपला की मकावला परतायचं. 1784 मध्ये ब्रिटिश सरकारने चहावरची जकात शंभराहून जास्त टक्क्यांवरून एकदम साडेबारा टक्क्यांवर आणली आणि खप भसाभस वाढला.

पण चहाच्या बदल्यात द्यायचं काय? विलायती लोकरीचं कापड दक्षिण चीनच्या उकाड्यात फारसं खपेना. मुंबईहून जाणारा कापूस खपायचा, पण तेवढ्याने चहाचं बिल भागत नव्हतं. उरलेली रक्कम रोख चांदीत मोजावी लागे. 1793 मध्ये मॅकार्टनी नावाचा वकील भेटवस्तूंचं तारू भरून बादशहा छियानलोंगकडे गेला. आणखी बंदरं खुली करा, पेकिंगमध्ये (आजच्या बीजिंगमध्ये) आमचा वकील ठेवा, अशा त्याच्या मागण्या होत्या. बादशहाने भेटी ठेवून घेतल्या आणि मागण्या सगळ्या फेटाळल्या. आमच्याकडे सगळं आहे, तुमच्या मालाची आम्हाला गरज नाही, असं त्याचं उत्तर होतं. एका जिनसापुरतं ते खरं नव्हतं.

ती जिन्नस ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आयती आली होती. प्लासी आणि बक्सारनंतर बंगाल-बिहार कंपनीच्या ताब्यात आले, आणि 1773 मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या काळात तिथल्या अफूची मक्तेदारी कंपनीने स्वतःकडे घेतली. कंपनीचा परवाना असेल त्यानेच खसखशीचं पीक घ्यायचं, आणि सगळा चीक कंपनीलाच, कंपनी ठरवेल त्या भावाने द्यायचा. शेतकऱ्याला आधी उचल मिळे आणि ती फेडण्यात तो पुढच्या हंगामाला बांधला जाई. पीक हिवाळ्याचं. पाकळ्या गळून बोंडं भरली की दुपारनंतर त्यांना बारीक चिरा द्यायच्या, रात्रभर चीक पाझरतो, पहाटे ऊन चढायच्या आत तो खरवडून घ्यायचा. एकेका बोंडाला थोड्याथोड्या दिवसांनी पुन्हा चिरा. अख्खं घर राबल्याशिवाय हे पीक निघत नाही. (आपल्या अनारशांवरची खसखस याच बोंडांतली, चीक काढून झाल्यावर वाळवलेली. तिला नशा नसते.)

हा चीक पाटणा आणि गाझीपूरच्या कारखान्यांत जाई. तिथे तो मळून, सुकवून त्याचे दीड-एक किलोचे गोळे वळत. गोळ्याभोवती खसखशीच्याच फुलांच्या पाकळ्या भाजून केलेल्या पातळ पोळ्यांचं वेष्टण चढवत; कारखान्यातही त्यांना 'रोटी'च म्हणत. मग कित्येक महिने उंच मांडण्यांवर वाळवण. चाळीस गोळ्यांची एक पेटी, वजन साधारण साठ-पासष्ट किलो. प्रत्येक पेटीवर कंपनीचा छाप. कँटनचा दलाल तो छाप बघून डोळे मिटून माल घ्यायचा, इतकी त्याची पत.

खरी मेख यापुढे आहे. चीनमध्ये अफू ओढण्यासाठी विकायला 1729 पासून बंदी होती, आणि शतकाच्या अखेरीस आयातही बंद केलेली होती. कंपनीला तर चहाचा परवाना टिकवायचा होता. म्हणून कंपनी आपल्या जहाजावर अफूची एक पेटीही चढवत नसे. कलकत्त्यात उघड लिलाव करायचा, खासगी व्यापाऱ्यांनी तिथे माल घ्यायचा आणि पुढचं त्यांचं ते बघतील. हे व्यापारी कँटनच्या खाडीतल्या लिंटिन बेटाजवळ नांगरून ठेवलेल्या गलबतांवर माल उतरवत. तिथून चिनी तस्कर चपळ वल्ह्यांच्या होड्यांतून, वाटेतल्या अंमलदारांचे हात ओले करत, तो किनाऱ्याला नेत. दाम रोख चांदीत. ती चांदी व्यापारी कँटनमधल्या कंपनीच्याच तिजोरीत भरत आणि बदल्यात लंडनवरची हुंडी घेत. त्याच चांदीने कंपनी चहा विकत घेई. म्हणजे अफूचा पैसा कंपनीच्या हातात येई तो धुऊन, कागदावर. आजच्या भाषेत ज्याला मनी लाँडरिंग म्हणतात ते एका अख्ख्या सरकारने राजरोस चालवलेलं होतं, असं मला वाटतं.

कंपनीचं मूळ धोरण मात्र माल थोडा आणि भाव चढा ठेवायचं होतं. वर्षाला चार हजारांच्या आसपास पेट्या, जास्त नाही. हे धोरण टिकलं असतं तर पुढचं महाभारत कदाचित एवढ्या लवकर घडलं नसतं. ते टिकलं नाही, कारण अफू फक्त बिहारमध्ये पिकत नव्हती.

माळव्याच्या काळ्या जमिनीत खसखस पूर्वापार होती. उज्जैन, इंदूर, मंदसोर, रतलाम हा सगळा पट्टा शिंदे, होळकर आणि छोट्यामोठ्या राजपूत संस्थानांचा. तिथे कंपनीची मक्तेदारी चालत नव्हती. शेतकऱ्याला उचल द्यायची ती सावकाराने, चीक घ्यायचा तो गावच्या व्यापाऱ्याने, भाव ठरायचा तो बाजारात. पाटण्याच्या गोळ्यापेक्षा माळव्याचा माल दिसायला ओबडधोबड, पण कसाला चांगला आणि भावाने स्वस्त. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा माल पोर्तुगिजांच्या दमण बंदरातून चीनला जाऊ लागला आणि कलकत्त्यातल्या साहेबांची झोप उडाली.

1817 च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांचा पराभव झाला आणि पुढच्याच महिन्यात तह झाला, तो मंदसोरलाच. मराठ्यांची सत्ता मोडली, आता माळव्याची अफूही मुठीत येईल असा कंपनीचा हिशेब होता. आधी कंपनीने स्वतःच बाजारात उतरून माळव्याचा माल विकत घ्यायला सुरुवात केली. झालं उलटंच: एवढं मोठं गिऱ्हाईक आलं म्हटल्यावर भाव चढले आणि शेतकऱ्यांनी आणखी रानं खसखशीखाली आणली. मग संस्थानिकांशी करार करून लागवड आणि वाहतूक आवळायचा प्रयत्न झाला. होळकर आणि राजपुतान्यातल्या काही राजांनी करार केले. शिंदे मात्र बधले नाहीत. ग्वाल्हेरच्या सावकारांचं आणि दरबाराचं या पिकात इतकं गुंतलेलं होतं की त्यावर पाणी सोडणं परवडणारंच नव्हतं.

कंपनीने मुंबईकडे जाणारे रस्ते रोखले तेव्हा माल उलट्या दिशेने निघाला. उज्जैनहून मारवाडात पाली, तिथून वाळवंट ओलांडून जैसलमेर, मग सिंधमध्ये कराची, आणि कराचीहून गलबतातून खाली दमणला. नकाशावर बोट फिरवून बघा, केवढा वळसा आहे तो! उंटांचे तांडे, वाटेतल्या प्रत्येक ठाकुराचा कर, विमा, हुंड्या, एवढं सगळं करूनही धंदा फायद्यात. या व्यापाऱ्यांनी कंपनीच्या नाकावर टिच्चून बारा-पंधरा वर्षं हा मार्ग चालवला. याला कंपनीविरुद्धचा प्रतिकार म्हणायचं की शुद्ध व्यापारी हिकमत, यावर इतिहासकारांत चर्चा आहे. मला दोन्ही एकाच वेळी खरं वाटतं. पाटण्याचा शेतकरी कंपनीच्या भावाला बांधलेला असताना माळव्यातला नफा मात्र देशी हातांत राहिला, हेही खरं आणि तो नफा कशातून आला, तेही खरं.

1830-31 मध्ये कंपनीने हात टेकले. मुंबई बंदर खुलं झालं. माळव्याचा माल हवा तितका आणा, फक्त पेटीमागे पासाची फी भरा: आधी 175 रुपये, 1835 मध्ये 125. फी फार वाढवली तर माल पुन्हा कराची-दमणच्या वाटेला लागणार, ही भीती होती. 1843 मध्ये चार्ल्स नेपियरने सिंध जिंकल्यावर ती वाट बंद झाली आणि फी भराभर चढत 1847 पर्यंत 400 वर गेली. सिंध घेण्यामागे कारणं अनेक होती, पण या आकड्यांची चाल बघितली की अफूचा हिशेब त्यात नव्हता असं म्हणवत नाही.

इकडे बंगालमध्ये कंपनीने 'थोडा माल, चढा भाव' सोडून दिलं. स्वस्त माळवा अफूला टक्कर द्यायची तर आपणही ढीगभर पिकवायची. दोन प्रांतांची ही चढाओढ. कलकत्ता वाढवतो म्हणून मुंबई वाढवते, मुंबई वाढवते म्हणून कलकत्ता. कँटनमध्ये भाव उतरले. आतापर्यंत श्रीमंतांची आणि बड्या अंमलदारांची चैन असलेली अफू हमाल-शिपायांच्या आवाक्यात आली. चीनला जाणाऱ्या भारतीय अफूत निम्म्याच्या आसपास, काही वर्षी त्याहून जास्त, वाटा आता माळव्याचा होता.

मुंबईचं रूप या पैशाने पालटलं. जमशेटजी जीजीभॉय हे यातलं सगळ्यात मोठं नाव. 1783 चा जन्म, लहानपणीच पोरके झालेले, मामांच्या बाटल्यांच्या दुकानात उमेदवारी केलेले. सोळाव्या वर्षी पहिली चीन-सफर. 1805 मधल्या सफरीत फ्रेंचांनी त्यांचं जहाज पकडलं. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा डॉक्टर होता. ही ओळख पुढे फळली. जार्डिनची 'जार्डिन मॅथेसन' ही चीनमधली सगळ्यात बडी अफूपेढी झाली आणि जमशेटजी तिचे मुंबईतले भरवशाचे भागीदार. त्यांच्या जोडीला मोतीशहा म्हणजे मोतीचंद अमीचंद हे जैन शेट आणि गोव्याहून मुंबईत आलेले रोजेरिओ द फारिया. पारशी, जैन, गोव्याचा ख्रिस्ती असे तिघे एका धंद्यात. तिजोरीला जात नसते. 1842 मध्ये जमशेटजी 'सर' झाले. जे. जे. रुग्णालय, जे. जे. कला महाविद्यालय, पुण्याच्या बंड गार्डनजवळचा मुळा-मुठेवरचा बंधारा ही त्यांची देणगी. वांद्र्याला माहीमशी जोडणाऱ्या कॉजवेला पैसा दिला तो त्यांच्या पत्नी आवाबाईंनी. भायखळ्याचं जैन मंदिर मोतीशहांचं. अफूबरोबर कापसाचाही पैसा यात होता, पण अफू वगळून हा हिशेब जुळत नाही. पुढच्या पिढीत बगदादहून आलेल्या ससून घराण्याने सरळ माळव्यात उचल द्यायला सुरुवात करून पारशी पेढ्यांना मागे सारलं. पुण्याचं ससून रुग्णालय आणि कुलाब्याची ससून गोदी त्याच घराण्याची.

सट्टाही आलाच. कलकत्त्याच्या पुढच्या लिलावात पाटणा अफूला सरासरी काय भाव निघेल, यावर मुंबईत पैजा लागत. असल्या एका पैजेचा दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, आणि 1848 मध्ये तिथल्या न्यायाधीशांना मारवाडी नावं वाचत अफूच्या सट्ट्याचा निवाडा करावा लागला.

आता चीनकडे वळू. व्यसनाने माणसं खंगत होती हे तर उघडच होतं. पण पेकिंगच्या दरबाराला त्याहून जास्त चिंता चांदीची होती. तिथला शेतकरी रोजचे व्यवहार तांब्याच्या नाण्यांत करायचा आणि सारा मात्र चांदीच्या हिशेबाने भरायचा. पूर्वी एक 'ताएल' (चिनी वजनाचं माप) चांदीला हजाराच्या आसपास नाणी पडत. चांदी देशाबाहेर वाहू लागली तशी ती महागली आणि 1838 पर्यंत भाव सोळाशेच्या वर गेला. सारा तेवढाच, पण शेतकऱ्याला दीडपटीहून जास्त नाणी मोजायची. ज्याने आयुष्यात कधी अफूला हात लावला नाही तोही या व्यापारात भरडला जात होता. दरबारात दोन तट पडले. 1836 मध्ये श्यू नायजी या अंमलदाराने सुचवलं की अफू कायदेशीर करा, कर घ्या, चांदी बाहेर जाऊ देऊ नका. दुसऱ्या बाजूने 1838 मध्ये ह्वांग ज्वेजी म्हणाला, ओढणाऱ्यालाच देहान्त द्या. बादशहा दाओग्वांग कडक बाजूला झुकला आणि लिन झश्यू नावाच्या स्वच्छ हाताच्या अधिकाऱ्याला त्याने कँटनला धाडलं.

लिन 1839 च्या मार्चमध्ये पोचला. सगळी अफू जमा करा, पुन्हा आणणार नाही असं लिहून द्या, हा हुकूम. व्यापारी चालढकल करू लागले तेव्हा त्याने वखारींना वेढा घातला, चिनी नोकरचाकर बाहेर काढले. सहा आठवडे साहेबलोकांना स्वतःच रांधून खावं लागलं. शेवटी ब्रिटिश अधिकारी चार्ल्स एलियट याने व्यापाऱ्यांना सांगितलं की माल माझ्या स्वाधीन करा, राणीचं सरकार जबाबदार. हे वाक्य फार महागात पडलं. व्यापाऱ्यांनी आनंदाने वीस हजारांहून जास्त पेट्या काढून दिल्या, कारण बाजार पडलेला होता आणि आता घेणेकरी ब्रिटनचं सरकार होतं. लिनने जप्त केलेली तस्करांची अफू एका क्षणात राणीची मालमत्ता होऊन बसली.

जूनमध्ये कँटनजवळच्या ह्यूमेनच्या किनाऱ्यावर ती नष्ट केली गेली. जाळली नाही, अर्धवट जळलेली अफू लोक मातीतून खरवडून काढतील, ही लिनला धास्ती होती. मोठे चर खणले, त्यांत समुद्राचं पाणी आणि मीठ, त्यात गोळे फोडून टाकायचे, वर चुनकळी. मजूर फळ्यांवर उभे राहून ते उकळतं रेंदं ढवळत, आणि भरती-ओहोटी साधून सगळं समुद्रात सोडून देत. तीन आठवडे हे चाललं, हजार टनांहून जास्त माल. त्याआधी लिनने समुद्रदेवतेची प्रार्थना केली होती, की ही घाण तुझ्यात सोडतोय, जलचरांना थोडे दिवस दूर जायला सांग. त्याने इंग्लंडच्या राणीलाही पत्र लिहिलं, की तुमच्या देशात जे विष लोकांना खाऊ घालत नाही ते आमच्याकडे का पाठवता?

मुंबई-कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांचा पैसा त्या चरांत विरघळला होता. भरपाईसाठी अर्जांवर अर्ज लंडनला गेले. ब्रिटिश तिजोरीला भरपाई द्यायची नव्हती, तर ती चीनकडूनच वसूल करायची ठरली. 1840 च्या एप्रिलमध्ये पार्लमेंटात विरोधकांनी सरकारवर ठराव आणला, तरुण ग्लॅडस्टनने या युद्धाची लाज काढली, पण ठराव अवघ्या नऊ मतांनी पडला.

युद्धाचं वर्णन करण्यात फार अर्थ नाही, इतकं ते एकतर्फी होतं. 'नेमेसिस' ही कंपनीची लोखंडी आगबोट उथळ नद्यांत शिरून तोफा डागू शकायची. चिनी जंकांकडे, म्हणजे शिडाच्या लाकडी गलबतांकडे, त्याला उत्तर नव्हतं. जमिनीवर लढायला मद्रास आणि बंगालचे हिंदी शिपाई नेले होते. 29 ऑगस्ट 1842 रोजी नानजिंगजवळ यांगत्से नदीत 'कॉर्नवॉलिस' या युद्धनौकेवर तह झाला. ही नौका मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली. माळव्याचा माल, मुंबईचं जहाज आणि वर युनियन जॅक.

तहात हाँगकाँग गेलं, शांघायसह पाच बंदरं खुली झाली आणि दोन कोटी दहा लाख चांदीचे डॉलर दंड बसला. त्यांतले साठ लाख नष्ट केलेल्या अफूचे. पण अफू विकायला परवानगी आहे की नाही, याबद्दल तहात अक्षर नाही. लढाई ज्यावरून झाली ती गोष्ट कायद्याने बंदच राहिली आणि व्यवहारात दुप्पट जोमाने चालू. लिनला बादशहाने दूर पश्चिमेला इलीला हद्दपार केलं. चीनकडून कमी पदरात पाडून घेतलं म्हणून ब्रिटिश सरकारने एलियटलाही तहाआधीच काढलं होतं, आणि पुढे टेक्सासला वकील म्हणून पाठवलं.

दुसरं युद्ध 1856 मध्ये 'ॲरो' नावाच्या एका बोटीच्या झडतीवरून उकरून काढलं गेलं. मधेच 1857 चा उठाव झाल्याने चीनकडे निघालेलं सैन्य भारतात वळवावं लागलं. फ्रान्सही सामील झाला. 1858 च्या करारात अफूवर जकात बसवून ती अखेर कायदेशीर झाली. 1860 मध्ये पेकिंगबाहेरचा जुना उन्हाळी राजवाडा लुटून जाळला.

त्यानंतर मात्र चक्र उलटं फिरलं. परदेशी अफू कायदेशीर म्हटल्यावर देशी अफू रोखायला कारण उरलं नाही, आणि सिचुआन-युन्नानमध्ये खसखस फोफावली. 1880 च्या आसपास भारतातून वर्षाला जवळपास लाखभर पेट्या जात होत्या. तिथून उतरण लागली. तरीही ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिजोरीत जमीनमहसुलाखालोखाल जी मोठी उत्पन्नं होती त्यांत अफू होतीच.

विरोध आपल्याकडूनही झाला. दादाभाई नौरोजी अफूच्या नफ्यात वाटा नको म्हणून लंडनमधल्या पेढीची भागीदारी सोडून बाहेर पडले. पुढे त्यांनी दाखवून दिलं की भारतातून होणारी लूट चीनच्या अफूच्या पैशाने झाकली जाते आहे. पंडिता रमाबाईंच्या सहकारी, पुण्याच्या सुंदराबाई पवार यांनी 1890 च्या सुमारास इंग्रजीत लिहून अफूने उद्ध्वस्त झालेल्या घरांतल्या बायकांचं म्हणणं थेट इंग्लंडच्या लोकांपुढे ठेवलं. सरकारने 1893 मध्ये रॉयल कमिशन नेमलं आणि दोन वर्षांनी त्याने अहवाल दिला की हिंदुस्थानात अफूने फारसं काही बिघडत नाही. त्याच मुंबईत गिरणीला जाणाऱ्या बाया तान्ह्या पोरांना अफूची 'बाळागोळी' चारून झोपवत होत्या.

1907 मध्ये करार झाला: भारताने चीनला जाणारी अफू दरवर्षी एक दशांशाने कमी करायची, चीनने आपली लागवड. चीनने ती अपेक्षेपेक्षा झपाट्याने उपटली, आणि 1913 मध्ये चीनकडची निर्यात थांबली.

माळव्यात खसखस आजही आहे. मंदसोर, नीमच, रतलामच्या शेतकऱ्याला केंद्राच्या ग्वाल्हेर इथल्या नार्कोटिक्स ब्युरोकडून 'पट्टा' मिळतो, बहुतेकदा दहा आरचा. चीक सरकारी तोलाई केंद्रावरच द्यायचा, भाव सरकारचाच, आणि ठरलेल्या कसापेक्षा माल कमी भरला तर पुढच्या हंगामाचा पट्टा जाऊ शकतो. तिथून तो नीमच किंवा गाझीपूरच्या कारखान्यात जातो, मॉर्फिन आणि कोडीनसाठी. गाझीपूरचा कारखाना कंपनीने 1820 मध्ये काढलेलाच आहे.